ताट किती वाजता वाढले?

हृदयविकाराच्या रुग्णाला आहाराविषयी जे प्रश्न विचारले जातात, ते 'काय' आणि 'किती' या दोन शब्दांत आटोपतात. तेल कोणते, मीठ किती, लोणचे-पापड सुटले की नाही, मटण आठवड्यातून किती वेळा. 'कधी' हा प्रश्न आलाच तर गोळीपुरता येतो: जेवणाआधी घेता की जेवणानंतर? रात्रीचे जेवण आठला उरकते की साडेअकराला, सुट्टीच्या दिवशी ते किती पुढे सरकते, रात्रपाळी असेल तर डबा किती वाजता उघडतो, याची नोंद केसपेपरवर सहसा नसते. ती असायला हवी, असे माझे मत आहे. गेल्या पंचवीस वर्षांत प्रयोगशाळांतून जे हाती आले आहे, त्यावरून एवढे निश्चित म्हणता येते की अन्न हृदयाला इंधन पुरवता पुरवता किती वाजले हेही सांगत असते, आणि हृदय ते ऐकते. हे एकदा मान्य केले की 'सोळा तास उपाशी राहा' या सध्याच्या घोषवाक्यापेक्षा वेगळाच निष्कर्ष निघतो. उपाशी किती तास राहिलो, यापेक्षा जेवण दिवसात पडले की रात्रीत आणि ते रोज साधारण त्याच वेळी होते की नाही, हा प्रश्न हृदयाच्या दृष्टीने जास्त मोलाचा ठरतो.

हृदयाला दिवस-रात्र कळते, ही गोष्ट डॉक्टरांना नवी नाही. झोपेत नाडी मंदावते, रक्तदाब दिवसाच्या तुलनेत साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो आणि पहाटेपासून पुन्हा चढू लागतो. ज्यांचा रक्तदाब रात्री असा उतरत नाही, त्यांना पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका अधिक असतो. १९८५ मध्ये जेम्स म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हृदयविकाराचे झटके चोवीस तासांवर मांडून पाहिले, तेव्हा ते सारखे पसरलेले आढळले नाहीत. सकाळी नऊच्या सुमारास त्यांचे प्रमाण रात्री अकराच्या मानाने तिप्पट होते. या सकाळच्या शिखराचे कारण बरेचसे हृदयाच्या बाहेर शोधले गेले. माणूस उठतो, उभा राहतो, कॉर्टिसॉल चढते, प्लेटलेट चिकट होतात. यातले काहीही चूक नाही. मात्र या सगळ्या मांडणीत हृदय म्हणजे बाहेरून हुकूम आला की वेग वाढवणारा पंप, एवढेच गृहीत धरलेले होते.

ते गृहीतक टिकले नाही. शरीराच्या घड्याळाची कथा फळमाशीपासून सुरू होते. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमूर बेंझर यांनी एका जनुकातल्या बदलामुळे माशीचा दिवस लांबतो, आखडतो किंवा नाहीसाच होतो हे दाखवले. त्या जनुकाच्या कामकाजाचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. काही प्रथिने पेशीत साठतात, पुरेशी साठली की स्वतःच्याच निर्मितीला लगाम घालतात, मग झिजतात आणि पुन्हा तयार होऊ लागतात. या फेऱ्याला सुमारे चोवीस तास लागतात. मेंदूच्या तळाशी वीसेक हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे, त्याला डोळ्यांवाटे उजेडाची खबर मिळते आणि तो मुख्य घड्याळ म्हणून काम करतो. पण तोच फेरा यकृताच्या, मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या पेशींतही चालू असतो. २००२ मध्ये उंदरांवर झालेल्या एका पाहणीत हृदयातली आठ ते दहा टक्के जनुके दिवसाच्या तालावर कमी-जास्त होताना आढळली. यकृतातही प्रमाण जवळजवळ तेवढेच होते, पण दोन्ही याद्यांत समान जनुके फार थोडी निघाली. म्हणजे घड्याळ एकाच बनावटीचे असले तरी प्रत्येक अवयव ते आपापल्या कामाला लावतो. हृदयाने ते कशाला लावले आहे? एक म्हणजे इंधनाच्या निवडीला: मेदाम्ले किती जाळायची, साखर किती घ्यायची. दुसरे म्हणजे विजेला. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुन्हा 'भारित' व्हावे लागते, त्यासाठी पोटॅशियम आणि सोडियमची दारे उघडावी-मिटावी लागतात. २०१२ मध्ये क्लीव्हलंडमधल्या मुकेश जैन यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवले की या दारांपैकी एकाची उपलब्धता हृदयातल्या घड्याळाच्या ताब्यातले एक प्रथिन ठरवते. उंदरात ते प्रथिन कमी केले किंवा वाजवीपेक्षा वाढवले, तर दोन्ही वेळा ठोक्यांची लय बिघडून प्राणी दगावण्याचा धोका वाढतो. विशिष्ट वेळी हृदय अधिक नाजूक का असते, याचे उत्तर काही अंशी हृदयाच्या आतच आहे.

आता या घड्याळाचे काटे फिरवतो कोण? या प्रश्नाचे निर्णायक उत्तर २००० साली जिनिव्हातून आले. युएली शिब्लर यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना, जे स्वभावतः रात्री जागतात आणि रात्री खातात, फक्त दिवसा खायला दिले गेले. उजेड-अंधाराचे चक्र होते तसेच ठेवले. काही दिवसांनी पाहिले, तर मेंदूतले मुख्य घड्याळ जागचे हललेले नव्हते. त्याला उजेड जे सांगत होता तेच ते मानत होते. यकृताचे घड्याळ मात्र पार उलटे झाले होते. हृदय आणि मूत्रपिंडाचेही तेच झाले, फक्त जरा सावकाश. एकाच देहात दोन कालगणना सुरू झाल्या. पुढे त्याच प्रयोगशाळेने दाखवले की शरीरातली कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके, जी मुख्य घड्याळाच्या अधिकाराखाली असतात, या अन्नाने होणाऱ्या बदलाला काही काळ थोपवून धरतात. हृदय नव्या वेळेकडे झुकते ते असे ओढाताणीतून, हळूहळू. इन्सुलिन हा अन्नाचा निरोप पोचवणारा एक दूत आहे, हे २०१९ मध्ये केंब्रिज आणि मँचेस्टरच्या संशोधकांनी सिद्ध केले: जेवणानंतर वाढलेले इन्सुलिन पेशींत घड्याळाच्या प्रथिनाची निर्मिती थेट वाढवते. म्हणजे रात्री साडेअकराला भात-आमटी पोटात गेली, की पेशींच्या हिशेबी तो दिवसाचा निरोप असतो, आणि त्याच वेळी मेंदू, अंधार आणि मेलाटोनिन रात्रीचा निरोप देत असतात. वाद इथून सुरू होतो, आणि पुढचे सगळे या विसंवादाचे परिणाम किती गंभीर हे ठरवण्यापुरते आहे.

केंटकी विद्यापीठात ब्रायन डेलिस्ल यांच्या गटाने हा प्रश्न ईसीजीवर आणला. उंदरांना त्यांच्या झोपेच्या वेळीच खायला दिले, तेव्हा नाडीची दैनंदिन लय अन्नाच्या मागे गेली. ठोक्यानंतर हृदयाला सावरायला लागणारा वेळ, ज्याला ईसीजीवर क्यूटी अंतर म्हणतात, त्याची लयही सरकली. ज्या उंदरांच्या हृदयपेशींतले घड्याळच बंद केलेले होते, त्यांच्यात हे अंतर अधिक लांबले. घड्याळ चालू असलेले हृदय अवेळच्या जेवणाचा धक्का काही प्रमाणात पचवते, घड्याळ नसलेल्याला तो तितका पचत नाही, असा याचा अर्थ. निरोगी माणसाला यात लगेच भिण्यासारखे काही नाही. पण ज्यांच्या जनुकांत या विद्युत दारांचे दोष जन्मतःच आहेत, त्यांच्यासाठी वेळेचा प्रश्न जीवन-मरणाचा असतो. आग्नेय आशियात धडधाकट तरुण पुरुष रात्री झोपेत दगावण्याचा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. फिलिपिन्समध्ये त्याला 'बांगुंगोट' म्हणतात आणि रात्री पोट तट्ट भरून झोपल्याने तो होतो असा लोकसमज आहे. १९९२ मध्ये पेद्रो आणि जोसेप ब्रुगादा या भावांनी हृदयाच्या विद्युतदोषाचा एक विकार वर्णन केला, आणि पुढे थायलंडमधल्या अशा मृत्यूंमागे बहुधा तोच विकार असल्याचे दिसले. गंमत अशी की लोकसमज अगदीच अडाणी नव्हता. २००६ मध्ये जपानी डॉक्टरांनी पोटभर जेवणाच्या आधी आणि नंतर ईसीजी काढून या विकारातला धोका ओळखण्याची पद्धत सुचवली. भरल्या पोटी काही रुग्णांत आलेखाची ती घातक खूण उमटते. इथे एक फरक मात्र नीट ध्यानात ठेवायला हवा. भरल्या पोटाचा हा परिणाम तात्काळ आहे, व्हेगस या चेतेच्या मार्फत होणारा. घड्याळाचे काटे फिरणे ही वेगळी, दिवसेंदिवस साचत जाणारी गोष्ट. रात्री उशिराच्या भरगच्च जेवणात दोन्ही एकत्र येतात म्हणून त्यांची सरमिसळ होते, आणि लोकप्रिय लेखांत तर हमखास होते.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: हे सगळे उंदरांचे झाले. उंदीर रात्री जागतो, त्याचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके मारते, त्याच्यावरून माणसाचे कसे ठरवायचे? आक्षेप रास्त आहे आणि बराच काळ त्याला चांगले उत्तर नव्हते. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाने दहा पुरुषांची जेवणे पाच तासांनी पुढे ढकलून पाहिली. त्यांच्या मेलाटोनिन आणि कॉर्टिसॉलच्या वेळा बदलल्या नाहीत, म्हणजे मुख्य घड्याळ जागीच राहिले. रक्तातल्या साखरेची लय मात्र पाच तासांहून अधिक सरकली, आणि चरबीतल्या घड्याळाचे जनुकही सुमारे तासभर उशिरा आले. जिनिव्हाच्या उंदरांत दिसलेली फूट माणसात, सौम्य रूपात का होईना, अशी दिसली. जिवंत माणसाच्या हृदयाचे तुकडे काढून तपासता येत नाहीत, त्यामुळे हृदयाबद्दल पुरावा अप्रत्यक्षच मिळणार. तो २०२५ मध्ये बॉस्टनहून आला. फ्रँक शीर आणि सारा चेलप्पा यांच्या गटाने वीस निरोगी तरुण-तरुणींना दोन आठवडे अशा खोल्यांत ठेवले, जिथे खिडकी नाही, घड्याळ नाही, बाहेरची खबर नाही. सगळ्यांना कृत्रिम रात्रपाळ्या करायला लावल्या. एका गटाला रात्रपाळीवाले जेवतात तसे रात्रीही जेवू दिले, दुसऱ्याला फक्त दिवसाच्या वेळेत. झोप तीच, उजेड तोच, अन्न तेच. रात्री जेवणाऱ्यांत हृदयाला विसावा देणाऱ्या मज्जासंस्थेच्या खुणा क्षीण झाल्या, आणि रक्ताची गाठ विरघळू न देणारे 'पीएआय-१' हे प्रथिन वाढले. दिवसा जेवणाऱ्यांत हे बिघाड दिसले नाहीत. रात्रपाळी दोघांनीही केली होती. बदलली होती ती ताटाची वेळ. या प्रथिनाची एक जुनी नोंद इथे आठवते: झोप-जागेपणाचा प्रभाव वेगळा काढला तरी शरीरघड्याळामुळेच ते पहाटे-सकाळी शिखर गाठते, हे २०१४ मध्ये त्याच शहरात दिसले होते. म्युलर यांच्या सकाळच्या शिखराशी याचा धागा जुळतो. वीस माणसे थोडीच आहेत आणि तीही तरुण, हे मान्य. पण प्रयोगाची रचना इतकी काटेकोर आहे की तिचे वजन हजारो लोकांच्या प्रश्नावलीपेक्षा मला जास्त वाटते.

प्रश्नावल्यांकडे वळलेच पाहिजे, कारण वर्तमानपत्रांत झळकतात त्या त्याच. फ्रान्समध्ये एक लाखाहून अधिक प्रौढांच्या जेवणाच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाचे पहिले खाणे जितक्या तासांनी उशिरा, त्या प्रत्येक तासामागे हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सहा टक्क्यांनी अधिक. शेवटचे जेवण रात्री नऊनंतर असेल, तर आठच्या आत जेवणाऱ्यांच्या तुलनेत मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका अठ्ठावीस टक्क्यांनी अधिक. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे सत्तावीस हजार पुरुषांच्या पाहणीत न्याहारी टाळणाऱ्यांत हृदयविकार सत्तावीस टक्क्यांनी आणि झोपेतून उठून रात्री खाणाऱ्यांत पंचावन्न टक्क्यांनी जास्त आढळला होता. माझ्या म्हणण्याला हे आकडे सोयीचे आहेत, तरी त्यांवर भिस्त ठेवावीशी वाटत नाही. रात्री उशिरा जेवणारा माणूस बहुधा उशिरापर्यंत राबतो, कमी झोपतो, सिगारेट जास्त ओढतो, एकटा राहत असतो. संख्याशास्त्र हे सगळे वजा करू पाहते, पण पुरते वजा होत नाही. आणि हा निकष दोन्ही बाजूंना लावायला हवा. २०२४ च्या मार्चमध्ये शिकागोच्या एका परिषदेत भित्तिपत्रकावर आलेली बातमी जगभर गाजली: आठ तासांच्या आत खाणे उरकणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचा धोका एक्क्याण्णव टक्क्यांनी अधिक. त्यातली नोंद होती लोकांनी आठवून सांगितलेल्या दोन दिवसांच्या खाण्याची, आणि तिच्यावरून पुढच्या अनेक वर्षांचे भाकीत. जो माणूस त्या दोन दिवसांत आठ तासांतच जेवला, तो उपासाचा पंथ पाळत होता की आजारी होता की त्याला तिसरे जेवण परवडतच नव्हते, हे त्यात कळत नाही. हा अभ्यास ज्या कारणाने बाजूला ठेवायचा, त्याच कारणाने फ्रान्सच्या अठ्ठावीस टक्क्यांवरही हात आखडता घ्यावा. असे अभ्यास दिशा सुचवतात. कारण दाखवायला प्रयोगच लागतो.

उपासाच्या पंथाचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. दुपारी बारा ते रात्री आठ खायचे आणि उरलेले सोळा तास नाही, ही पद्धत आपल्याकडेही फोफावली आहे. तिचे पुरस्कर्ते सच्चिदानंद पांडा या मूळच्या ओडिशाच्या, सध्या कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञाचा हवाला देतात. पांडा यांच्या सहभागाने २०१५ मध्ये झालेल्या प्रयोगात बारा तासांच्या आत खाणाऱ्या फळमाश्यांचे हृदय म्हातारपणी अधिक चांगले राहिले होते. बारा तास, आणि तेही माशीच्या जागण्याच्या वेळेतले, हे दोन तपशील हवाला देताना गळतात. माणसांवरच्या चाचण्यांत काय झाले? २०२० मध्ये बारा-ते-आठची पद्धत एकशे सोळा जणांवर तपासली, वजनात इतरांहून ठळक फरक पडला नाही. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरात एकशे एकोणचाळीस स्थूल लोकांपैकी एका गटाला वर्षभर सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळेत जेवायला सांगितले. उष्मांक तेवढेच घेणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा वजन किंवा रक्तदाब काही विशेष सुधारला नाही. हा दुसरा निकाल माझ्या युक्तिवादाला अडचणीचा आहे, कारण इथे जेवण दिवसाच होते. पण ज्यांच्याशी तुलना केली तेही रात्री जेवणारे नव्हते. त्यांचे खाणे मुळातच साडेदहा तासांच्या आसपास मावत होते. दिवसा जेवणाऱ्याला आणखी आवळून आठ तासांत बसवल्याने हृदयाचे फारसे भले होत नाही, एवढे या चाचणीने सांगितले. अलाबामात २०१८ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांना दुपारी तीनच्या आत शेवटचे जेवण द्यायला सुरुवात केली, तेव्हा वजन न घटताही वरचा रक्तदाब सरासरी अकरा मिलिमीटरने उतरला. आठ माणसांवरून कायदा करता येत नाही. तरी या सगळ्या चाचण्या एकत्र वाचल्या, तर घड्याळावर मोजलेले उपाशी तास हे परिणामाचे मूळ नाही, अशीच शंका बळावते. न्याहारी टाळून, दुपारी थोडेसे खाऊन रात्री आठला दिवसातले बहुतेक जेवण एकदम उरकणारा 'सोळा तासवाला' स्वतःला शिस्तीचा समजतो. त्याच्या यकृताला आणि हृदयाला मिळणारा निरोप असतो की दिवस आत्ता उजाडला.

'हे तर आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते' असे म्हणणारा वाचक इथे तयार असतो, आणि तो सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या जैनांच्या चौविहाराकडे बोट दाखवतो. चौविहाराचे वेळापत्रक शरीरघड्याळाला मानवणारे आहे, यात शंका नाही. त्यामागचा हेतू अंधारात नजरेआड होणाऱ्या जीवांची हिंसा टाळणे हा आहे, हृदय नव्हे. हेतू वेगळा म्हणून फायदा कमी होत नाही, पण परंपरेला विज्ञानाचे श्रेय देण्याआधी परंपरा पूर्ण पाहावी. धर्मशास्त्रात दिवसा एकदा जेवण्याचे 'एकभुक्त' आहे, तसे फक्त रात्री जेवण्याचे 'नक्त'ही आहे. महाराष्ट्रात घरोघर पाळली जाणारी संकष्टी चंद्रोदयाला सुटते, आणि चंद्र तर बहुतेक वेळा रात्री नऊच्या आगेमागे उगवतो. दिवसभर साबुदाण्यावर राहिलेला माणूस उकडीच्या मोदकांसकट पोटभर जेवतो आणि तासाभरात झोपतो. महिन्यातून एक दिवस असे झाल्याने कुणाचे हृदय बिघडत नाही. मुद्दा एवढाच, की परंपरेत दोन्ही टोके आहेत आणि त्यातले सोयीचे टोक उचलून पुरावा होत नाही. रमजानचे उदाहरण याहून कठीण आहे. महिनाभर सूर्यास्तानंतर आणि पहाटे जेवणाऱ्यांचे हृदय, माझ्या युक्तिवादाप्रमाणे, कुरकुरायला हवे. लंडनमध्ये २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोजे पाळणाऱ्यांचा वरचा रक्तदाब उलट सात मिलिमीटरच्या आसपास उतरलेला आढळला. याचे पूर्ण उत्तर मी देऊ शकत नाही, पण अर्धे देता येते. रोजे ठेवणाऱ्याची झोप, हालचाल, प्रार्थना आणि अवघ्या घराचा दिनक्रम त्या महिन्यात जेवणासोबत सरकतो, आणि तो सरकतो रोज त्याच वेळेला. रात्रपाळीच्या कामगाराचे जेवण सरकते तेव्हा त्याचे घर, त्याच्या खिडकीतला उजेड आणि त्याची साप्ताहिक सुट्टी जुन्याच वेळेवर असतात. शिवाय एका वेळी मोजलेला रक्तदाब म्हणजे चोवीस तासांची लय नव्हे. तरीही हे उदाहरण माझा दावा आखडायला लावते: रात्रीचे जेवण म्हणजे विष, असे म्हणता येत नाही. विसंवाद आणि अनियमितता एकत्र येतात, तेव्हा नुकसान होते, एवढे म्हणता येते.

सर्वांत जड आक्षेप हृदयरोगतज्ज्ञांचा असेल. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल ही ढळढळीत कारणे हाताशी असताना जेवणाच्या वेळेसारखी बारीकसारीक गोष्ट रुग्णापुढे का मांडायची? आणि घड्याळाच्या नावावर याआधी फसगत झालेली आहेच. रक्तदाबाची गोळी रात्री घेतली तर हृदय अधिक सुरक्षित राहते, असा गाजावाजा झाला होता. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत सकाळची आणि रात्रीची गोळी सारखीच निघाली. हा धडा मी मनापासून मानतो. घड्याळाचा सिद्धान्त देखणा आहे म्हणून त्यातून निघणारा प्रत्येक सल्ला खरा ठरत नाही. पण गोळी आणि जेवण यांत एक मूलभूत भेद आहे. अनेक गोळ्यांचा परिणाम दिवसभर टिकतो आणि त्या घड्याळाला वेळ सांगत नाहीत; जेवण सांगते. आणि 'काय-किती' हे 'कधी'पासून पूर्ण सुटे काढता येत नाही. तेलकट-तुपकट खाण्यावर ठेवलेल्या उंदरांची दैनंदिन लयच बोथट होते आणि ते विश्रांतीच्या वेळीही खाऊ लागतात, हे २००७ मध्ये दिसले. २०१२ मध्ये तसलेच अन्न फक्त जागण्याच्या वेळेत दिल्यावर तेवढेच उष्मांक खाऊनही उंदीर बरेच निरोगी राहिले. वेळ पाळली म्हणून वडापाव पथ्याचा होत नाही. परंतु तोच वडापाव संध्याकाळी पाचला आणि रात्री एकला खाल्ला, तर शरीर त्याचा हिशोब दोनदा वेगळा करते. रात्री मेलाटोनिन चढलेले असताना इन्सुलिनचा प्रतिसाद मंद असतो, हे स्पेनमधल्या आठशेहून अधिक लोकांवरच्या २०२२ च्या चाचणीत दिसलेले आहे.

खरी अडचण शास्त्राची नाही, वेळ कुणाच्या हातात आहे याची आहे. विरार-कर्जतकडे परतणाऱ्या चाकरमान्याला साडेसातला जेवा असे सांगणे म्हणजे त्याला फलाटावर जेवा असे सांगणे. त्याच्यासाठी शहाणपणाचा सल्ला वेगळा असेल: दुपारचा डबा मोठा, संध्याकाळी ऑफिसातून निघण्याआधी भाजी-पोळी, आणि घरी पोचल्यावर हलके, थोडे, रोज त्याच सुमारास. रात्रपाळीवाल्याच्या बाबतीत तर बॉस्टनच्या प्रयोगाने हाती एक दुर्मीळ गोष्ट दिली आहे. त्याची झोप उलटी होणार, उजेड उलटा होणार, त्याबद्दल फारसे करता येत नाही. जेवण मात्र हलवता येते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी कॅन्टीनची तरतूद केली आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम अर्ध्या तासाच्या विश्रांतीशिवाय नको असे घातले. कायद्याच्या डोळ्यांसमोर थकवा होता, आणि त्या काळी तेवढेच असणे स्वाभाविक होते. त्यातून रूढ झाले ते रात्री एक-दोनचे भरलेले ताट. त्या ताटाऐवजी पाळी सुरू होण्याआधी संध्याकाळी पूर्ण जेवण आणि सकाळी पाळी सुटल्यावर न्याहारी, मध्ये चहा किंवा मूठभर फुटाणे, असे करायला व्यवस्थापनाला वेगळा खर्च नाही. उपाशी कामगार यंत्रावर पेंगेल, ही भीती बोलून दाखवली जाते. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत उलट मध्यरात्री भरपेट जेवलेल्यांची सतर्कता पहाटे अधिक घसरलेली दिसली. थोडे खाणाऱ्यांची तितकी नाही. ज्याला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्याने मात्र हे वेळापत्रक मनाने बदलू नये: रात्रीचे जेवण काढले आणि औषध तसेच राहिले, तर पहाटे साखर धोकादायक उतरू शकते, आणि ती उतरते तेव्हाही पहिला ताण हृदयावरच येतो.